स्पेनचे साम्राज्य, ख्रिस्तसभा आणि उलट दिशेचे प्रवासी

धर्मशिक्षकांच्या शिबिरात ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा तास घेताना स्पेनच्या साम्राज्याचे प्रकरण आले, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरली, हे खरे ना?" पूर्वी मी या प्रश्नाला बगल देत असे. सांगण्यासारख्या चांगल्या गोष्टी पुष्कळ होत्या; शाळा, इस्पितळे, छापखाने, अनोळखी भाषांची व्याकरणे. त्या सांगून तास निभावता येत असे. आता मी सरळ 'होय' म्हणतो आणि मग पुढे बोलू लागतो. कारण या 'होय'नंतरचा इतिहासच आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

गोव्यातील वाचकांना 'पाद्रोआदो' हा शब्द नवा नाही. स्पेनमध्ये त्याच व्यवस्थेला 'पात्रोनातो' म्हणत. १४९२ साली ग्रानादा पडले आणि त्याच वर्षी कोलंबसची गलबते कॅरिबियन बेटांना लागली. पुढच्याच वर्षी पोप सहावे अलेक्झांडर यांनी त्या भूमीवरील हक्क आणि तेथील लोकांना ख्रिस्ती धर्म शिकविण्याची जबाबदारी अशी दोन्ही कास्तिलच्या राजाराणीच्या पदरात टाकली. १४९४ च्या तोर्देसियास येथील तहाने केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर एक रेषा कल्पून स्पेन व पोर्तुगाल यांनी अज्ञात जग आपसांत वाटून घेतले. १५०८ साली पोप दुसरे ज्युलियस यांनी नव्या प्रदेशांतील धर्मपदांवर नावे सुचविण्याचा अधिकारही राजाला दिला. परिणाम असा झाला, की बिशप राजा निवडी, दशमांश राजा गोळा करी, मिशनऱ्याचे प्रवासभाडे राजा भरी आणि पोपचे पत्र राजाच्या मंडळाने पाहिल्यावाचून वसाहतीत वाचले जात नसे. ज्याचे मीठ खायचे त्याच्याच अन्यायाविरुद्ध व्यासपीठावरून बोलायचे, ही त्या काळच्या धर्मगुरूची अडचण होती. बहुतेकांनी ती मौन पाळून सोडविली. काहींनी तसे केले नाही.

एस्पान्योला बेटावरील सांतो दोमिंगो येथे २१ डिसेंबर १५११ रोजी आगमनकाळाचा चौथा रविवार होता. 'एन्कोमिएन्दा' पद्धतीने तेथील मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतवाल्यांना वाटून दिलेले होते. कागदोपत्री मालकाने त्यांचे रक्षण करावयाचे, त्यांना धर्म शिकवावयाचा आणि त्याबदली त्यांच्याकडून काम घ्यावयाचे. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणींत व शेतांत माणसे मरत होती आणि धर्मशिक्षणाचा पत्ता नव्हता. जेमतेम वर्षभरापूर्वी बेटावर आलेल्या दोमिनिकन संन्याशांनी एकत्र बसून एक प्रवचन तयार केले, सर्वांनी त्यावर सह्या केल्या आणि ते देण्याचे काम आंतोनियो दे मोन्तेसिनोस यांच्याकडे सोपविले. कोलंबसचा मुलगा दिएगो हा त्या वेळी बेटाचा गव्हर्नर. तो व त्याचे अधिकारी समोर बसले होते. योहान बाप्तिस्ता स्वतःला अरण्यातील वाणी म्हणवितो, तो उतारा घेऊन मोन्तेसिनोस यांनी विचारले, की कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांना दास्यात ठेवले आहे? ही माणसे नाहीत काय? त्यांना विवेकी आत्मा नाही काय?

संध्याकाळी अधिकारी मठावर चालून गेले. मठ म्हणजे गवताने शाकारलेली झोपडी. मठाधिपती पेद्रो दे कोर्दोबा यांनी शांतपणे सांगितले, की हे एका माणसाचे प्रवचन नाही, आमच्या सर्व समूहाचे आहे. पुढच्या रविवारी आता माफी ऐकावयास मिळणार या अपेक्षेने चर्च तुडुंब भरले. मोन्तेसिनोस यांनी तेच अधिक कठोर शब्दांत सांगितले आणि यापुढे अशा लोकांचे पापनिवेदन ऐकले जाणार नाही असे जाहीर केले. तक्रार राजा फर्डिनांडकडे गेली. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे : स्पेनमधील दोमिनिकन प्रांताधिपतींनीही आपल्याच या बांधवांची कानउघाडणी केली. ज्यांनी हा विषय पुस्तकांतून शिकविला आहे त्यांना हा तपशील किरकोळ वाटेल. वरिष्ठांचे असे पत्र ज्याच्या हाती कधी पडले आहे, त्याला वाटणार नाही.

प्रवचनाचा परिणाम काय झाला? १५१२ साली बुर्गोस येथे कायदे झाले. कामाचे नियम, अन्न, गरोदर स्त्रियांना सूट इत्यादी. एन्कोमिएन्दा मात्र कायम राहिली. १५१३ साली पालासियोस रुबियोस नावाच्या कायदेपंडिताने 'रेकेरिमिएन्तो' हा जाहीरनामा रचला. कोणत्याही गावावर चाल करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावयाचा : देवाने सृष्टी निर्माण केली, पोपना अधिकार दिला, पोपनी ही भूमी राजाला दिली, तुम्ही मान तुकवा, अन्यथा होणाऱ्या युद्धाचा दोष तुमच्यावर. वाचन स्पॅनिश भाषेत होई. कधी गावापासून दूर, कधी झाडांना उद्देशून. लास कासास यांनी पुढे लिहिले, की यावर हसावे की रडावे हे कळत नाही.

बार्तोलोमे दे लास कासास यांचे नाव आपल्या वाचकांस परिचित असेल. परंतु ते सुरुवातीपासून संत नव्हते हे आपण विसरतो. १५०२ साली ते एस्पान्योलाला आले ते वसाहतवाले म्हणून. धर्मगुरू झाल्यावरही त्यांच्या पदरी एन्कोमिएन्दाचे लोक होते. मूळ रहिवाशांना राबवितो या कारणास्तव एका दोमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा नाकारली होती आणि त्यांनी त्याच्याशी वाद घातला होता. मन पालटण्यास आणखी काही काळ जावा लागला. १५१४ साली क्यूबामध्ये पेन्टेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करीत असता प्रवक्ता, म्हणजे बेन सिराह, याच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. अन्यायाने मिळविलेल्या वस्तूंचे अर्पण देव स्वीकारीत नाही, हा तेथील विषय. दुसऱ्याला सांगण्यासाठी उघडलेला ग्रंथ त्यांनाच लागला. त्यांनी आपले लोक सोडून दिले. प्रवचनाची तयारी करताना हा धोका सर्वांनाच असतो.

१५३७ साली पोप तिसरे पौल यांनी 'सुब्लिमिस देउस' हे पत्र काढून मूळ रहिवासी हे पूर्ण अर्थाने मनुष्य आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येत नाही, असे सांगितले. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी काढलेला बहिष्काराच्या दंडाचा आदेश मात्र सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आक्षेपामुळे दुसऱ्याच वर्षी मागे घ्यावा लागला. तत्त्व राहिले, दंड गेला. १५३९ साली सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिया यांनी पोपच्या देणगीने कोणाचे राज्य कोणाला देता येत नाही, असे व्याख्यानातून प्रतिपादन केले. १५४२ साली नवे कायदे झाले; एन्कोमिएन्दा वारसाने चालू नये असे त्यांत होते. पेरूमध्ये वसाहतवाल्यांनी बंड केले व १५४६ साली व्हाइसरॉयला ठार मारले. तत्पूर्वीच, १५४५ साली, वारसाविषयीचे कलम मागे घेण्यात आले होते.

त्याच वर्षी लास कासास मेक्सिकोच्या दक्षिणेस चियापासचे बिशप म्हणून आले होते. त्यांनी हाती घेतलेले शस्त्र आपल्या व्यवसायातलेच आहे. गुलाम बाळगणाऱ्यांच्या पापक्षमेचा अधिकार त्यांनी आपल्याकडे राखून ठेवला. पुढे त्यांनी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी बारा नियम लिहिले : एन्कोमिएन्दावाल्याने, तो मृत्युशय्येवर असला तरी, प्रथम नोटरीसमोर लेख करून आपल्या मालमत्तेतून नुकसानभरपाई करण्याचा अधिकार धर्मगुरूला द्यावा, मग पापक्षमा. नुसता पश्चात्ताप पुरेसा नाही, चोरलेले परत केले पाहिजे. नैतिक ईशज्ञानात हे तत्त्व आपण सारेच शिकलो आहोत. ते एका संपूर्ण अर्थव्यवस्थेला लावून पाहणारा बिशप शहरात टिकू शकला नाही. १५४७ साली ते कायमचे स्पेनला परतले. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे हुआन हिनेस दे सेपुल्वेदा यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. कोण जिंकले याचा निकाल न्यायमंडळाने कधीच दिला नाही.

आणि याच लास कासास यांनी, मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून, आफ्रिकी गुलाम आणावेत अशी सूचना १५१६ च्या सुमारास केली होती. पुढे त्यांना तिचा तीव्र पश्चात्ताप झाला व तो त्यांनी लिहूनही ठेवला. तथापि जहाजे त्यापूर्वीही येत होती, नंतरही येत राहिली. एका पीडिताची कणव येताना दुसरा पीडित दिसेनासा होतो. सज्जनांच्या बाबतीत हे विशेष घडते.

आता आपल्या धर्मशिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग. १५८२-८३ मध्ये लिमा येथे आर्चबिशप तोरिबियो दे मोग्रोव्हेहो यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या तिसऱ्या प्रांतीय परिषदेने मूळ रहिवाशांना त्यांच्याच भाषेत धर्म शिकवावा असे ठरविले. स्पॅनिश, केचुआ व आयमारा अशा तीन भाषांतील धर्मप्रश्नोत्तरी १५८४ साली लिमा येथे छापली गेली. दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले पुस्तक. राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, त्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट. भाषा स्वीकारली गेली; माणसाला मात्र वेदीपर्यंत येऊ दिले गेले नाही. १५५५ च्या मेक्सिकोच्या पहिल्या परिषदेने आणि १५६७-६८ च्या लिमाच्या दुसऱ्या परिषदेने मूळ रहिवाशांना गुरुदीक्षेस अपात्र ठरविले होते. १५३६ साली त्लातेलोल्को येथे फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थानिक सरदारपुत्रांसाठी विद्यालय काढले. मुले लॅटिन उत्तम शिकली, बेर्नार्दिनो दे साहागुन यांना त्यांच्या महान ग्रंथात त्यांनीच साहाय्य केले. धर्मगुरू मात्र त्यांतून घडविले गेले नाहीत. माझ्या मते स्पॅनिश मिशनकार्यातील सर्वात मोठी चूक तलवारीच्या साहाय्यापेक्षाही ही आहे. तलवार राजाची होती. हा निर्णय आमचा होता.

फिलिपाइन्समध्ये या निर्णयाची किंमत शेवटपर्यंत मोजावी लागली. लेगास्पी १५६५ साली सेबूला उतरला, १५७१ साली मनिला वसली, आणि १८१५ पर्यंत मनिला ते मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरापर्यंत चांदी व रेशीम वाहणारी गलबते चालू राहिली. याच मनिलाशी आपला एक धागा जुळलेला आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया पोर्तुगीज प्रदेशात जन्मले, जेझुइटांबरोबर जपानला गेले, व्यापार करू लागले आणि मनिला येथे स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरच्या शिष्टमंडळाबरोबर पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनरी आधी येतात व मागाहून राजाचे सैन्य येते अशा आशयाचे बोलणे गलबतावरच्या एकाच्या तोंडून निघाल्याचे सांगतात. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविले गेले. त्यांत गोन्सालो होते. ज्या राजाच्या सैन्याची भीती हिदेयोशीला वाटली, तो दुसरा फिलिप १५८० पासून पोर्तुगालचा व म्हणून वसईचाही राजा होता. क्रूस आणि तलवार यांच्या सहप्रवासाचे मोल आपल्याच एका माणसाने असे प्राणांनी चुकविले.

फिलिपाइन्समधील बहुतेक पॅरिशेस स्पॅनिश संन्याशांच्या हाती राहिल्या. स्थानिक धर्मगुरू झाले तरी ते बहुधा साहाय्यकच. फादर होसे बुर्गोस यांनी याविरुद्ध लेखणी चालविली. जानेवारी १८७२ मध्ये काविते येथे शिपायांचे बंड झाले, त्याचे निमित्त करून फादर मारियानो गोमेस, फादर बुर्गोस व फादर हासिंतो सामोरा यांना १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिला येथे गळफासाच्या यंत्राने मारण्यात आले. त्यांचा गुरुवेश काढून घेण्यास आर्चबिशपांनी नकार दिला होता. होसे रिसाल यांनी १८९१ साली आपली दुसरी कादंबरी या तिघांना अर्पण केली. १८९८ साली स्पेनने क्यूबा, पोर्तो रिको व फिलिपाइन्स गमावले. फिलिपाइन्सबद्दल अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजले. १९०२ साली ग्रेगोरियो आग्लिपाय यांच्यासह मोठा समुदाय रोमपासून वेगळा झाला. पहिले फिलिपिनो बिशप होर्हे बार्लिन यांचा अभिषेक १९०६ साली झाला. म्हणजे १५६५ पासून ३४१ वर्षांनी.

साम्राज्य संपले तरी माणसांची ये-जा संपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत तीस लाखांहून अधिक स्पॅनिश लोक पोटासाठी आर्जेंटिना, क्यूबा, ब्राझील इत्यादी देशांत गेले. गालिसिया प्रांतातून इतके गेले, की आर्जेंटिनात कोणत्याही स्पॅनिश माणसाला 'गायेगो' म्हणू लागले. १९३९ नंतर यादवीतील पराभूतांना मेक्सिकोने आसरा दिला. त्यानंतरच्या पिढीने जर्मनी, फ्रान्स व स्वित्झर्लंड येथील कारखाने गाठले. स्पेन हा माणसे पाठविणारा देश होता, ही गोष्ट लोक आश्चर्य वाटावे इतक्या लवकर विसरले.

प्रवाह उलटला तो १९८६ साली स्पेन युरोपीय समुदायात गेल्यानंतर. १९९८ साली स्पेनमध्ये परदेशी नागरिक साडेसहा लाखांच्या आत, लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी होते. २०१० साली ते सत्तावन्न लाखांच्या आसपास, बारा टक्के झाले. यांत मोरोक्को व रुमानियाचे लोक पुष्कळ. पण फार मोठा भाग एकेकाळच्या वसाहतींतून आलेला होता. एकट्या एक्वादोरचे उदाहरण घ्या. १९९९ साली तेथील बँका कोसळल्या, २००० साली देशाने स्वतःचे चलन सोडून डॉलर स्वीकारला, बचती बुडाल्या. स्पेनला जाण्यास २००३ पर्यंत व्हिसा लागत नव्हता. १९९८ साली स्पेनमध्ये काही हजार असलेले एक्वादोरी २००५ पर्यंत सुमारे पाच लाख झाले.

३ जानेवारी २००१ रोजी मुर्सिया प्रांतातील लोर्का गावाजवळ ब्रोकोलीच्या मळ्यावर निघालेली एक व्हॅन रेल्वे फाटकावर गाडीखाली सापडली. बारा एक्वादोरी मजूर ठार झाले. त्यांच्यापाशी कामाचे परवाने नव्हते, म्हणूनच मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या गाडीत कोंबून ते जात होते. दुर्घटनेनंतर अधिकाऱ्यांनी तपासणी कडक केली; तेव्हा जमीनमालकांनी बिनपरवाना मजूर घेणे बंद केले आणि जे जिवंत होते त्यांची भाकरी गेली. त्यांनी लोर्काहून मुर्सियापर्यंत पायी मोर्चा काढला आणि तेथील चर्चमध्ये ठाण मांडले. त्याच महिन्यात अधिक कडक परदेशी-कायदा अमलात आला. बार्सिलोनातील सांता मारिया देल पी या जुन्या चर्चमध्ये शेकडो लोक उपोषणास बसले. त्यांत पाकिस्तान, बांगलादेश व भारतातून आलेलेही होते. चर्चची दारे उघडी ठेवावीत की नाही, यावर तेथील धर्मगुरूंत मतभेद होते. १५११ च्या सांतो दोमिंगोत प्रवचन देणारे आणि ऐकणारे दोघेही स्पॅनिश होते. येथे ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते स्वतःच येऊन बाकांवर बसले होते. २००५ साली सरकारने एकदाच मोठी मोहीम काढून साडेपाच लाखांहून अधिक लोकांना परवाने दिले.

कायद्यातील एक तरतूद विचार करण्याजोगी आहे. स्पेनमध्ये परदेशी माणसाला सामान्यतः दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते. परंतु लॅटिन अमेरिका, फिलिपाइन्स व विषुववृत्तीय गिनी येथील लोकांना दोनच वर्षे पुरतात. १४९२ साली हाकलून दिलेल्या यहुद्यांच्या वंशजांनाही ही सवलत आहे. उत्तर मोरोक्कोवर १९१२ ते १९५६ स्पेनचा अंमल होता. तरी मोरोक्कोच्या माणसाला दहा वर्षे. १६०९ ते १६१४ या काळात हाकलून दिलेल्या मोरिस्कोंच्या, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या, वंशजांना सवलत नाही. (पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून युरोपात गेलेली कुटुंबे ज्यांच्या पॅरिशमध्ये आहेत, त्या गोव्यातील बांधवांना जुन्या राज्याच्या कागदपत्रांचे असे उत्तरआयुष्य चांगले ठाऊक आहे.) भाषा एक, धर्म एक, म्हणून सामावून घेणे सोपे, असे याचे समर्थन केले जाते. ती भाषा आणि तो धर्म तेथे कसा पोहोचला, हे वर आलेच आहे.

आलेल्यांत स्त्रिया पुष्कळ. स्पेनमधील म्हातारी माणसे आज फार मोठ्या प्रमाणावर पेरू, बोलिव्हिया, होंडुरास, फिलिपाइन्स येथील बायांच्या हाताने न्हातात, जेवतात व औषध घेतात. या घरकाम करणाऱ्या स्त्रियांना बेकारी भत्त्याचा हक्क २०२२ साली मिळाला. त्यांची स्वतःची मुले मागे आजीकडे वाढतात. दर ऑक्टोबरात माद्रिदमध्ये पेरूचे लोक जांभळे झगे घालून 'चमत्कारांच्या प्रभू'ची मिरवणूक काढतात. क्रुसावरील ख्रिस्ताचे हे मूळ चित्र लिमा येथील एका कच्च्या भिंतीवर १६५१ साली अंगोलाच्या एका गुलामाने रंगविले अशी परंपरा आहे. १६५५ च्या भूकंपात आजूबाजूचे सारे पडले, ती भिंत उभी राहिली. लास कासास १५६६ साली माद्रिदच्या आतोचा मठात वारले. गुलामांच्या जहाजांविषयीचा त्यांचा पश्चात्ताप कागदावर राहिला. आणि त्या जहाजांतून आलेल्या एकाने काढलेला ख्रिस्त आता त्याच शहरातून खांद्यांवर फिरतो.

स्पेनमधील ख्रिस्तसभेपुढे या लोकांना वेगळे धर्मगुरू व वेगळी मिस्सा द्यावी, की स्थानिक पॅरिशमध्येच मिसळून घ्यावे, हा प्रश्न आहे. वेगळे ठेवले तर ते पाहुणे राहतात. मिसळले तर त्यांची गाणी, त्यांच्या मिरवणुका बुजतात, आणि काहीजण जेथे नावाने हाक मारली जाते त्या इव्हँजेलिकल सभांकडे जातात. दरम्यान उत्तर आपोआपच घडत चालले आहे. कास्तिलच्या ओसाड पडत चाललेल्या खेड्यांत एकेका धर्मगुरूकडे अनेक गावांची देवळे असतात. सेमिनऱ्यांत स्थानिक मुले थोडी. तेव्हा रविवारी एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटार हाकीत जाणारा आणि दहा-बारा वृद्धांसाठी मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू पुष्कळदा कोलंबियाचा, पेरूचा किंवा आफ्रिकेतला असतो. १५५५ ची मेक्सिकोची परिषद ज्यांना गुरुदीक्षेस अपात्र ठरविते झाली, त्यांच्या वंशातला असणेही अशक्य नाही. वृद्धांना त्याचे उच्चार सुरुवातीला कळत नाहीत, असे म्हणतात. मग सवय होते.